वाचक विचारतात : घासूनपुसून विकलेली नाणी

या वेळच्या बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे : मोबाईलवर पाहून पसंत केलेले नाणे हातात आल्यावर वेगळेच निघते. ब्रिटिशकालीन चांदीचे रुपये आणि मराठेशाहीतली तांब्याची शिवराई यांच्याबद्दलची विचारणा सर्वांत जास्त, त्यामुळे उत्तरेही त्यांच्याच भोवती फिरतात. जागेअभावी पत्रे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : पाचव्या जॉर्जचा १९१९ चा रुपया ऑनलाइन घेतला. वर्णनात 'मिंट फ्रेश, फुल लस्टर' लिहिले होते आणि फोटोत तो पांढराशुभ्र दिसत होता. हातात आलेले नाणे पांढरे आहे खरे, पण निर्जीव वाटते. हा माझा भास आहे का? (पुणे)

उत्तर : भास नाही. चांदी पांढरी दिसणे आणि नाण्याला लस्टर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि विक्रेत्यांचा निम्मा धंदा हा फरक ग्राहकाला माहीत नसण्यावर चालतो.

नाणे पाडताना ठशांच्या दाबाखाली धातू मध्याकडून कडेकडे सरकतो. या सरकण्याच्या अतिसूक्ष्म रेषा, म्हणजे प्रवाहरेषा, पृष्ठभागावर कायम राहतात. नाणे दिव्याखाली थोडे कलते करून फिरवले की त्या रेषांमुळे प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे गोल फिरताना दिसतात. संग्राहक ज्याला लस्टर म्हणतात ते हेच. हा थर इतका उथळ असतो की एकदा गेला की कुठल्याही उपायाने परत येत नाही.

तो दोन प्रकारे जातो. पहिला प्रकार घासण्याचा : टूथपेस्ट, खाण्याचा सोडा, राख, भांडी उजळायची पावडर किंवा सोनाराचा पितळी ब्रश. यातला प्रत्येक पदार्थ काळा थर काढताना चांदीवर बारीक ओरखडे उठवतो. दुसरा प्रकार बुडवण्याचा. चांदी उजळायच्या तयार द्रावणात बहुधा आम्ल आणि थायोयुरिया असते. नाण्यावरचा काळा थर म्हणजे सिल्व्हर सल्फाइड, आणि त्यातली चांदी नाण्याचीच असते. द्रावण तो थर विरघळवते म्हणजे नाण्याची वरची कातडीच नेते. काही सेकंदांच्या एका बुडवणीत नाणे निभावून जाते. तेच नाणे दर वेळी नव्या मालकाने बुडवले, किंवा एखाद्याने ते द्रावणात विसरून ठेवले, की प्रवाहरेषा झिजतात आणि चुना लावल्यासारखा सपाट पांढरेपणा उरतो. तुमच्या वर्णनावरून तुमचा रुपया या दुसऱ्या जातीचा वाटतो.

खात्री करून घ्या. खोलीतली ट्यूबलाइट बंद करा, कारण तिचा पसरट प्रकाश ओरखडे लपवतो. टेबलावर एकच उघडा बल्ब ठेवा. नाणे फक्त कडांना धरून बल्बपासून वीतभर अंतरावर आणा आणि सावकाश कलते करत पूर्ण फिरवा. आऱ्या फिरतात का पाहा. फिरत नसतील आणि नाणे सगळ्या कोनांतून सारखेच पांढरे दिसत असेल, तर द्रावणाने घात केला आहे. ठरावीक एका कोनात राजाच्या चेहऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेत समांतर बारीक रेषांचे जाळे एकदम चमकून उठले, तर ते घासण्याचे ओरखडे. फडक्याने गोल गोल घासले असेल तर रेषा वर्तुळाकार दिसतात. त्यानंतर सोनाराचे दहापट भिंग लावा, आधी नको. भिंगातून सुरुवात केली की माणूस एका अक्षरात अडकतो आणि पूर्ण पृष्ठभाग पाहायचा राहून जातो.

एक सावधगिरी. प्रत्येक रेष घासण्याचीच असते असे नाही. टांकसाळीत ठसा पॉलिश करताना त्यावर ओरखडे पडतात आणि ते नाण्यावर उठावाच्या रेषा म्हणून उतरतात. अशा रेषा वर आलेल्या असतात, मोकळ्या जागेतच दिसतात आणि अक्षर किंवा चेहरा आला की थांबतात. घासण्याची रेष धातूत खोल गेलेली असते आणि मोकळ्या जागेतून अक्षराच्या माथ्यावर चढून पलीकडे उतरते. ठशाच्या रेषेमुळे नाणे नाकारू नका.

राहिला तुमच्या रुपयाचा प्रश्न. शक्य असेल तर परत करा. १९१८ साली अमेरिकेने पिटमन कायदा करून आपले चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी ब्रिटिशांना विकली, ती मुख्यतः हिंदुस्थानातल्या रुपयांसाठी. त्यामुळे १९१८ ते १९२० या वर्षांचे रुपये अमाप आहेत. इतक्या सहज मिळणाऱ्या वर्षाचे साफ केलेले नाणे कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. चार आठवडे थांबलात तर अस्सल पृष्ठभागाचे दुसरे समोर येईल.

प्रश्न : विकत घेण्याआधी, केवळ फोटोवरून हे ओळखता येते का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : बरेचसे येते, पण फोटो मागून घ्यावे लागतात. विक्रेत्याने स्वतःहून टाकलेला फोटो हा त्याला जे दाखवायचे आहे त्याचाच असतो.

सर्वांत भरवशाची खूण म्हणजे झीज आणि चमक यांचा मेळ. हातोहात फिरलेल्या नाण्याची चमक आधी उंच भागांवरून जाते. व्हिक्टोरियाच्या रुपयावर गाल आणि कानावरचे केस पाहा, सातव्या एडवर्डच्या रुपयावर कानाभोवतीचा भाग आणि दाढी, पाचव्या जॉर्जच्या रुपयावर दाढी, मुकुट आणि अंगरख्यावरचा तो छोटा हत्ती. हत्ती झिजून गुळगुळीत झालेला आणि बाकीचे नाणे मात्र आरशासारखे, हे निसर्गात होत नाही. प्रामाणिकपणे वापरलेला रुपया राखाडी असतो, अक्षरांच्या कुशीत गडद आणि उंचवट्यांवर थोडा फिका. झिजलेले नाणे सर्वत्र एकसारखे पांढरे दिसले तर पुढे जा.

याच्या उलट खूणही कामाची आहे : मोकळी जागा चकचकीत, आणि अक्षरांच्या कोपऱ्यांत काळ्या मळाची बारीक रेघ. ब्रश किंवा फडके तिथवर पोचत नाही, म्हणून हा मळ मागे राहतो. अक्षरांच्या कडा गोलसर आणि एका बाजूला धातूची कड चढल्यासारखी दिसली, तर फिरत्या तारेच्या ब्रशने चमक आणली आहे. त्याला व्हिझिंग म्हणतात. मुंबई टांकसाळीच्या पाचव्या जॉर्जच्या रुपयावर मागील बाजूस तळच्या फुलाखाली बारीक उठावाचे टिंब असते. फार घासलेल्या नाण्यावर तेही विरून जाते.

फोटोतल्या लबाड्या ओळखायला सोप्या आहेत. नाण्यामागचा कागद जळाल्यासारखा पांढरा दिसत असेल तर प्रकाश वाढवलेला आहे, आणि जास्त प्रकाशात ओरखडे बुडतात. स्कॅनरवर काढलेल्या चित्रात अस्सल लस्टरही मरते, त्यामुळे तिथे दोन्ही बाजूंनी फसगत होऊ शकते. प्लास्टिकच्या पाकिटातून काढलेल्या फोटोत नाण्याचा ओरखडा आणि पाकिटाचा ओरखडा यात फरक करता येत नाही. फोटो इमेज सर्चमध्ये टाकून पाहा. तोच फोटो आणखी कुठे दिसला तर विक्रेत्याकडे ते नाणे कदाचित नाहीच.

विक्रेत्याला पाठवायचा निरोप असा असू द्या : "नाणे पाकिटातून काढून, खिडकीजवळ किंवा एका बल्बखाली, कडांना धरून सावकाश कलते करत वीस सेकंदांचा व्हिडिओ पाठवा. दोन्ही बाजू हव्यात. कडेचा पूर्ण फेरा दाखवा. काट्यावर ठेवलेल्या नाण्याचा, आकडा दिसेल असा फोटो पाठवा. नाणे कधी धुतले, घासले किंवा द्रावणात बुडवले आहे का, आणि तसे आढळल्यास परत घ्याल का, हे लिहून कळवा." शेवटचे वाक्य सोडू नका. चॅटमधले लेखी उत्तर पुढे तक्रारीत उपयोगी पडते. 'जसे आहे तसे, परत नाही' असे उत्तर आले तर किंमत चांदीच्या भावाजवळ असल्याशिवाय बोलू नका. कलता व्हिडिओ पाठवायला कां-कूं करणाऱ्याकडून तर घेऊच नका, मग कारण काहीही सांगो.

प्रश्न : आमच्या घरी आजीच्या वेळचे बावीस चांदीचे रुपये आहेत. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाआधी ते घासून लख्ख करतो. त्यांतले काही विकायचे झाल्यास संग्राहकांचा भाव मिळेल का? पुढे घासावे की नाही? (नाशिक)

उत्तर : पूजेतल्या रुपयांची ही दशा महाराष्ट्रात घरोघरी आहे. इतकी वर्षे घासलेल्या नाण्याला संग्राहक चांदीच्या किमतीच्या फार वर जात नाही. अपवाद दुर्मिळ वर्षांचा, म्हणून विकण्याआधी प्रत्येकावरचे वर्ष, राजा किंवा राणी आणि टांकसाळीची खूण यांची यादी करा.

चांदीचा हिशेब असा. १८३५ पासून १९३९ पर्यंतच्या रुपयाचे प्रमाणित वजन ११.६६ ग्रॅम आणि शुद्धता ९१.७ टक्के, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम. १९४० ते १९४५ चे रुपये त्याच वजनाचे, पण चांदी फक्त निम्मी, ५.८३ ग्रॅम. बाकी तांबे, निकेल आणि जस्त. १९४७ च्या रुपयांत चांदी नाहीच. ते निकेलचे आहेत आणि लोहचुंबकाला सरळ चिकटतात. सराफाकडे जाण्याआधी या तीन ढिगाऱ्या वेगळ्या करा. सगळे एका भावात मोजले गेले तर नुकसान कोणाचे, ते सांगायला नको.

कडा नीट तपासा. पूर्वी रुपयांना कान लावून माळेत ओवत असत. कान काढला तरी कडेवर डाखाचा ठिपका किंवा कानशीने घासलेला सपाट भाग राहतो. अशा नाण्याची किंमत चांदीइतकीच धरावी.

पुढचे विचाराल तर पूजेसाठी चार-पाच रुपये वेगळे ठेवा आणि त्यांचे घरच्या रीतीने करा. तीही एक परंपराच आहे, संग्राहकांनी तिला नावे ठेवू नयेत. उरलेल्यांना मात्र हात लावू नका. त्यांच्यावर हळदकुंकू किंवा पंचामृताचा चिकट थर असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये तासभर ठेवा, पाणी बदला, आणि मऊ कागदावर टिपून घ्या. टिपायचे, पुसायचे नाही. अस्सल पृष्ठभागाचा रुपया कसा दिसतो हे डोळ्यांत बसवायचे असेल, तर तुमच्या जवळच अंजनेरीला नाणेसंग्रहालय आहे. एकदा जाऊन या.

प्रश्न : शिवराई घ्यायची आहे. काही विक्रेत्यांची नाणी गुलाबी-केशरी, काहींची काळीभोर. कोणती अस्सल समजायची? (सातारा)

उत्तर : रंगावरून अस्सल-नक्कल ठरत नाही, पण नाण्याचे काय केले आहे ते कळते.

तीन-साडेतीनशे वर्षे जुन्या तांब्याचा नैसर्गिक रंग तपकिरी ते काळपट, कधी हिरवट. हा थर घट्ट असतो आणि आतल्या धातूला जपतो. चिंच, लिंबू किंवा आम्लाने तो काढला की तांबे कांद्याच्या सालीसारखे गुलाबी होते. त्या गुलाबी रंगाला चमकेची साथ नसते, तो मेलेला दिसतो. भिंगाखाली पृष्ठभाग खडबडीत, सुईने टोचल्यासारखा दिसतो, कारण आम्लाने थराबरोबर धातूही खाल्लेला असतो. अशी शिवराई अस्सल असली तरी तिचे मोल अर्धेअधिक गेलेले असते.

काळ्याभोर नाण्यातला धोका निराळा. गुलाबी झालेले नाणे विकले जात नाही म्हणून त्याला बूटपॉलिश, तेल-काजळी किंवा गंधकाच्या रसायनाने पुन्हा काळे करतात. नाणे हातात आल्यावर कापसाच्या बोळ्याला थोडे ॲसिटोन लावून कडेजवळ हलकेच टेकवा. बोळ्यावर तपकिरी किंवा काळा रंग उतरला तर थर लावलेला आहे. गंधकाने आणलेला रंग असा उतरत नाही. तिथे पाहायचे ते हे, की खोलगट भाग आणि उंचवटे दोन्ही एकाच गडद छटेचे आहेत का. नैसर्गिक थर असा सरसकट एका रंगाचा बसत नाही.

आता अस्सलपणाकडे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या शिवराईवर एका बाजूला तीन ओळींत 'श्री / राजा / शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्र / पति' असते. कडेने ठिपक्यांची किनार. हाताने ठोकलेले नाणे, त्यात ठसा बऱ्याचदा तांब्याच्या तुकड्याहून मोठा, त्यामुळे सर्व अक्षरे आणि पूर्ण किनार क्वचितच एका नाण्यावर सापडते. सगळी अक्षरे मधोमध, किनार पूर्ण गोल, किंमत माफक आणि विक्रेत्याकडे तशीच आणखी दहा असतील, तर ती नक्कल. ओतीव नकलेच्या कडेवर साच्याची सांधरेष आणि पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांचे खळगे दिसतात. अक्षरांच्या कडाही बोथट असतात. वजनावर एकट्या भरवसा ठेवू नका, कारण अस्सल शिवराई नाण्यांचीच वजने बरीच कमीजास्त आहेत. शिवराई पेशवाईत आणि त्यानंतरही चालू राहिली. अक्षरांमध्ये दोन आडव्या रेघा असलेली 'दुदांडी' ही त्या उत्तरकाळातली. पुष्कळदा तीच 'महाराजांच्या राज्याभिषेकाची' म्हणून खपवली जाते, तेव्हा अक्षरवळण जुळवून पाहा.

आणि 'शेतात सापडलेली' म्हणून सांगून कोणी विकत असेल तर दूर राहा. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.

प्रश्न : इंद्रधनुषी रंगाचे रुपये ऑनलाइन फार महाग विकले जातात. हे रंग खरे असतात का? (ठाणे)

उत्तर : काही खरे असतात. चांदीवरच्या सल्फाइडच्या थराची जाडी वाढत जाते तसे रंग बदलतात. आधी फिकट पिवळा, मग सोनेरी, मग तांबूस-जांभळा, त्यानंतर निळा. वर्षानुवर्षे कागदी पाकिटात किंवा लाकडी पेटीत राहिलेल्या नाण्यावर हे रंग कडेकडून मध्याकडे, एकमेकांत विरघळत सरकतात आणि त्यांच्याखाली लस्टरच्या आऱ्या फिरत राहतात.

बनावट रंग गंधक आणि उष्णता यांच्या मदतीने तासाभरात आणता येतात. मधला पिवळा-सोनेरी टप्पाच नाही आणि थेट गडद निळा-जांभळा सुरू होतो, रंगाला ओघळ आहेत, किंवा दोन रंगांमधली सीमा चाकूने कापल्यासारखी आहे, तर शंका घ्या. मुख्य म्हणजे रंगाखाली ओरखडे आहेत का पाहा. घासून बिघडलेले नाणे झाकायचा हा नेहमीचा मार्ग, आणि अशा नाण्यावर रंग ओरखड्यांच्या रेषांत जास्त गडद बसतो. रंगासाठी वेगळे पैसे मोजायचे असतील तर ग्रेडिंग झालेलेच, म्हणजे तज्ज्ञ कंपनीने तपासून श्रेणी दिलेलेच नाणे घ्या. नवख्याने या वाटेला जाऊच नये, असे आमचे मत.

प्रश्न : ग्रेडिंग कंपनीच्या डबीतला रुपया 'एयू डिटेल्स' लेबलासह निम्म्या भावात मिळतो आहे. घ्यावा का? (सोलापूर)

उत्तर : 'डिटेल्स' हाच त्या निम्म्या भावाचा खुलासा. एनजीसी आणि पीसीजीएस या दोन अमेरिकी कंपन्या नाण्याला १ ते ७० या श्रेणीत अंक देतात. नाणे अस्सल आहे पण साफ केलेले, पॉलिश केलेले, ब्रशने चमकवलेले किंवा कान काढलेले असेल, तर अंक देत नाहीत. तपशील किती शिल्लक आहे तेवढे सांगून (एयू म्हणजे जवळपास न वापरलेले) 'डिटेल्स' लिहितात आणि पुढे दोषाचे नाव देतात : 'क्लीन्ड', 'हार्शली क्लीन्ड', 'व्हिझ्ड', 'माउंट रिमूव्ह्ड'. विक्रेते फोटो कापून लेबलाचा हा तुकडा बाहेर ठेवतात. पूर्ण लेबल मागा आणि प्रमाणपत्र क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. डब्यासुद्धा बनावट निघतात, म्हणून तिथे नाण्याचा फोटो असेल तर ओरखडा न ओरखडा जुळवा. दुर्मिळ वर्ष असेल तर 'डिटेल्स'चे नाणे घेण्यात काही गैर नाही. सहज मिळणाऱ्या वर्षासाठी नको.

प्रश्न : रुपया चांदीचाच आहे हे घरी, नाण्याला इजा न करता कसे तपासावे? सराफ घासून बघतो म्हणतो. (जळगाव)

उत्तर : घासू देऊ नका. पाण्यातल्या वजनाची चाचणी पुरेशी आहे. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा लागेल.

आधी नाणे कोरडे तोला. आता काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवा आणि आकडा शून्य करा. नाणे बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असे लटकवा. दोरा हातात किंवा स्टँडवर, नाणे तळाला आणि काचेला टेकता कामा नये. चिकटलेले हवेचे बुडबुडे दोरा हलवून घालवा. काट्यावर दिसणारा आकडा म्हणजे नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. कोरड्या वजनाला या आकड्याने भागा.

११.६६ ग्रॅमच्या ९१.७ टक्के चांदीच्या रुपयाला काटा सुमारे १.१३ दाखवेल आणि भागाकार १०.३ च्या आसपास येईल. १९४० ते १९४५ च्या रुपयाचा भागाकार साधारण ९.५. जर्मन सिल्व्हर किंवा मुलामा दिलेले पितळ असेल तर ८.४ ते ८.८ मध्ये कुठेतरी. तुमचे नाणे झिजून ११.५८ भरले तरी हरकत नाही, भागाकारात झीज आपोआप बाद होते.

ताकदवान निओडिमियम चुंबकही वापरता येतो. नाणे तिरपे धरून त्यावरून चुंबकाचा छोटा तुकडा सोडा. चांदीवर तो चिकटत नाही, पण ब्रेक लावल्यासारखा हळू घसरतो. या दोन्ही चाचण्यांना एक मर्यादा आहे. त्या धातू सांगतात, टांकसाळ नाही. चांदीतच बनवलेली नक्कल त्यांतून पार होते. १९३९ च्या मुंबईच्या रुपयासारखे दुर्मिळ नाणे असेल तर वर्षाचा शेवटचा आकडा भिंगाखाली पाहा, खोडून-कोरून बदलल्याच्या खुणा तिथेच सापडतात. आणि तज्ज्ञाच्या प्रमाणपत्राशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न : १८८१ ची गोव्याची चांदीची रुपिया मऊ प्लास्टिकच्या पाकिटात होती. आता तिच्यावर हिरवट चिकट थर आला आहे. काय करू? (मडगाव)

उत्तर : हा पाकिटाचा प्रताप. मऊ, वास येणारे पाकीट पीव्हीसीचे असते. काळ जाईल तसे ते कुजते, त्यातले तेलकट द्रव्य आणि आम्ल नाण्यावर उतरते. किनाऱ्याच्या दमट हवेत हे लवकर घडते.

शुद्ध ॲसिटोन आणा. नेलपॉलिश काढायचे द्रव नको, त्यात तेल आणि सुगंध असतो. काचेच्या वाटीत नाणे बुडेल इतके ॲसिटोन घेऊन दहा-पंधरा मिनिटे झाकून ठेवा, मग दुसऱ्या वाटीतल्या ताज्या ॲसिटोनमध्ये मिनिटभर खळबळून काढा आणि कागदावर आपोआप सुकू द्या. प्लास्टिकची वाटी वापरलीत तर ती विरघळून नाण्यावरच बसू शकते. खिडकी उघडी असावी आणि जवळपास गॅस किंवा उदबत्ती पेटलेली नसावी. ॲसिटोन चांदीला काही करत नाही, टोनिंग, म्हणजे काळाबरोबर चढलेला रंगही तसाच राहतो, म्हणून हे 'साफ करणे' या दोषात मोडत नाही. हिरव्या थराखाली धातू खाल्ला गेला असेल तर तो डाग मात्र कायमचा.

नंतर नाणे कडक कॅप्सूलमध्ये किंवा पॉलिस्टरच्या पाकिटात ठेवा. रुपियाचा आकार आणि वजन ब्रिटिश रुपयाच्या जोडीचे, म्हणून ३१ मिलिमीटरची कॅप्सूल चालेल. डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि पावसाळ्यात ती बदलत राहा. तांब्याच्या नाण्यावर हिरवी, भुकटीसारखी झडणारी पूड दिसली तर ते वेगळे दुखणे आहे. क्लोराइडमुळे होणारा तो कळंक दमट हवेत पसरत जातो. असे नाणे लगेच बाकीच्यांपासून दूर करा, रोज पाणी बदलत डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवा, पूर्ण सुकवून कोरड्या हवाबंद डबीत ठेवा. टणक, गुळगुळीत हिरवा थर असेल तर त्याला हात लावायची गरज नाही.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते. पुण्यातल्या विक्रेत्याकडून व्हिक्टोरियाचा १८६२ चा रुपया कुरिअरने मागवू शकते का?

उत्तर : नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षे जुनी नाणी पुरावस्तू ठरतात आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता किंवा नेता येत नाहीत. 'भेटवस्तू' लिहून पाठवतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका, गुन्हा तर होतोच आणि नाणेही जप्त होते. हा रुपया इंग्लंड-अमेरिकेतल्या विक्रेत्यांकडे भरपूर मिळतो, तिथूनच घ्या. शंभर वर्षांच्या आतले नाणे घेऊन जायचे असेल आणि अडवणूक होईल असे वाटत असेल, तर ते पुरावस्तू नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण देते.

प्रश्न : वैष्णोदेवीच्या पाच रुपयांच्या नाण्याचे दहा लाख देतो असा फोन आला. आधी जीएसटीचे साडेआठ हजार भरायला सांगतात. (कोल्हापूर)

उत्तर : भरू नका. ते नाणे चलनातले आहे, लाखांचे नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले आहे की जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारात बँक नसते आणि कोणाला शुल्क वसूल करायचा अधिकारही तिने दिलेला नाही. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवा.

प्रश्न : पार्सल आल्यावर नाणे घासलेले निघाले तर परतीसाठी काय तयारी ठेवावी? (अमरावती)

उत्तर : पाकीट फोडण्याआधी व्हिडिओ सुरू करा. पत्त्याचे लेबल, सीलबंद कडा, फोडणे, नाणे बाहेर काढणे, काट्यावर ठेवणे आणि बल्बखाली कलते करणे, सगळे एका सलग चित्रीकरणात. मध्ये थांबवलेला व्हिडिओ विक्रेता मान्य करत नाही. नाणे आलेल्याच होल्डरमध्ये परत ठेवा. स्टेपल केलेला होल्डर उघडायचा असेल तर पिना आधी सपाट काढा, ओढून उघडताना पिनेचा ओरखडा नाण्यावर पडला की तक्रार तुमच्यावरच उलटते.

परतीचे कारण निवडताना 'आवडले नाही' नको, 'वर्णनाप्रमाणे नाही' निवडा आणि जाहिरातीच्या वर्णनाचा स्क्रीनशॉट जोडा. तो पैसे देण्याआधीच काढून ठेवलेला बरा, कारण विक्री झाल्यावर वर्णन बदललेले दिसते. लिलावातून घेतले असेल तर नियमावली बोलीआधी वाचा. बहुतेक ठिकाणी बोलीवर खरेदीदाराचा अधिभार आणि त्यावर कर लागतो, शिवाय परतीची मुदत फार थोडी असते. विक्रेता आणि संकेतस्थळ दोघांनीही हात झटकले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रार नोंदवताना खरेदीआधी विक्रेत्याकडून घेतलेले लेखी उत्तर आणि सलग व्हिडिओ दोन्ही जोडा.